खुबा रेणापूरलाच निखळतो

सांधा निखळून माझ्याकडे आलेल्या प्रत्येक माणसाला मी एकच प्रश्न विचारते. निखळायच्या आधी तुम्ही नेमकं काय करत होतात? आणि जवळजवळ प्रत्येक जण एकच उत्तर देतो, "काही नाही."

बिलोलीचा एक जीपवाला म्हणाला, काही नाही, नुसता बसलो होतो. खोदून खोदून विचारलं तेव्हा कळलं, की पुढच्या सीटवर बसल्या बसल्या त्यानं हात मागे उलटा टाकून बायकोची जड पिशवी उचलली होती, आणि खांदा तिथंच बाहेर आला. हिमायतनगरच्या एका लेकराचं कोपर सरकलं होतं. मामा म्हणाला, काही नाही, नाली ओलांडायला उचललं फक्त. एकाच हाताला धरून उचललं, हे मात्र त्यानं गिळून टाकलं. एका गावच्या उपसरपंचाचा जबडा भर सभेत उघडाच राहिला. काय झालं? काही नाही, जांभई दिली. आता जांभई म्हणजे काही नाही का? पडलो, आपटलो, गाडीनं उडवलं, एवढंच माणसाला 'काही' वाटतं. रोजची हालचाल त्याच्या खिजगणतीतच नसते. मला याचा फार संताप येतो. मी कहकशां. नांदेडला फिजिओथेरपिस्ट आहे. राग हिच्या नाकावरच बसलेला असतो, असं माझी अम्मी येणाऱ्याजाणाऱ्याला सांगते.

केवळाबाईंवरही मी अशीच चिडले होते. त्याही म्हणायच्या, काही नाही केलं.

केवळाबाई रेणापूरच्या. त्यांचा मुलगा सुदर्शन नांदेडला बँकेत आहे आणि बायको वर्षाराणीबरोबर तिथंच फ्लॅटमध्ये राहतो. केवळाबाई रेणापूरच्या घरी न्हाणीत घसरून पडल्या, उजव्या खुब्यात हाड मोडलं आणि नांदेडला आणून त्यांच्या खुब्याचा गोळा बदलला. खुबा म्हणजे मांडीचं हाड कमरेला जोडलेलं असतं तो सांधा. हाडाच्या टोकाचा गोळा कमरेच्या वाटीत बसलेला असतो. नवा गोळा त्याच वाटीत बसवतात, पण तिथवर पोचायला मागचे स्नायू कापून पुन्हा शिवावे लागतात. ते जोर धरेपर्यंत गोळ्याला मागून आवरणारं कोणी नसतं. म्हणून पथ्य सांभाळायचं. खाली बसायचं नाही, मांडी घालायची नाही, पायावर पाय टाकायचा नाही, बसल्या जागेवरून वाकायचं नाही.

त्यांनी हे सगळं शिकून घेतलं, वॉकर धरून घरभर फिरल्या आणि रेणापूरला परत गेल्या. थोड्याच दिवसांत खुबा निखळला. लातूरला नेऊन भूल देऊन बसवला. सुदर्शननं त्यांना पुन्हा नांदेडला आणलं, मी पुन्हा व्यायाम घेतले, त्या ठणठणीत झाल्या, परत रेणापूरला गेल्या आणि पुन्हा निखळला. नांदेडला मात्र एकदाही नाही. इथं त्या जिन्यानं खाली उतरायच्या, देवळात जायच्या, खुर्चीवर बसून शेंगा फोडायच्या. खुबा गप्प असायचा.

दुसऱ्या वेळी सर्जननं सुदर्शनला बाजूला घेऊन सांगितलं, "आता निघाला तर पुन्हा उघडावं लागेल. आईंच्या हृदयाकडे बघता मला ते नको आहे."

सुदर्शननं निर्णय घेऊन टाकला. शेत बटईनं दिलेलंच होतं. रेणापूरच्या घराला कुलूप घालायचं आणि माय आता कायमची नांदेडला. केवळाबाईंनी ऐकून घेतलं आणि त्या दिवशी जेवल्याच नाहीत.

"हे घर लई चांगलं हाय," व्यायाम करता करता त्या मला म्हणाल्या, "पर हितं मी पाव्हणी हाय. पाव्हण्यानं किती दिस ऱ्हायचं, पोरी?"

"मग तिकडं काय करत होतात ते खरं सांगा ना, मावशी. चुलीपुढं बसलात? विळीवर भाजी चिरलीत?"

"न्हाई म्हणलं ना. खुर्चीवर बसून ऱ्हायले व्हते. चहाचा टायम व्हता. काईच केलं न्हाई."

वर्षाराणी दारातून माझ्याकडे बघून डोळे मिचकावायची. तिला खात्री होती की सासूबाई चोरून खाली बसतात. मलाही तसंच वाटायचं. मी फोनवर व्हिडिओ लावून रेणापूरचं घर बघितलं. बाजेखाली विटा घालून ती उंच केलेली, संडासात कमोड बसवलेला, खुर्चीवर जाड गादी. चूक काढायला जागाच नव्हती. शेजारच्या बायका म्हणत होत्या नजर लागली, कोणी म्हणालं न्हाणीतच काही तरी आहे. माझा या गोष्टींवर विश्वास नाही, पण खरं सांगते, माझ्याकडे त्याहून बरं उत्तरही नव्हतं.

एकदा मी त्यांना पळी आणि लिंबू घेऊन सांधा समजावला. पळीत लिंबू ठेवलं, सरळ फिरवलं, राहिलं. तिरकं केलं तसं घरंगळलं.

"हे तर जात्याच्या खुंट्यागत झालं," केवळाबाई म्हणाल्या. "गोल फिरीवला तर जल्माचा निघत न्हाई. आडवा वढला का आला हातात."

"अगदी बरोबर. मग तुम्ही आडवा ओढलात कधी?"

"मी? मी कायला वढू?" त्या हिरमुसल्या. मग जणू विषय बदलायला म्हणाल्या, "तिकडं चहाचं कसं व्हत आसंल कोण जाणे."

"कोणाच्या चहाचं?"

"भायाच्या."

भाया म्हणजे नवऱ्याचा थोरला भाऊ. शेषेराव आबा. दोन्ही भावांची घरं एकाच अंगणात. आबांची बायको गेली, मुलं पुण्याला. केवळाबाईंचा नवराही गेला. तेव्हापासून आबांची भाकरी आणि चहा केवळाबाईंच्या घरून. कामाला येणारी गौरम्मा करून देते, आबा येऊन चहा पितात, डबा घेऊन जातात.

"त्यानला लई गोड लागतो," केवळाबाई म्हणाल्या. "गौरम्मा साखरंत हात आखडती. मी असले का बघते."

"गोड लागतो असं ते म्हणतात का?"

"ते कशे म्हणतील? भाया कधी भावजयीसंगं बोलतो का? लगीन हून आले तवापसून एक सबुद न्हाई. कप रिकामा करून ठिवतात, त्यावरनं कळतं."

मी ऐकलं आणि सोडून दिलं. मला खुब्याचं पडलं होतं, चहाचं नाही.

पुढचा जुम्मा. मी दुपारी घरीच होते. अम्मी दिवाणावर पाय पसरून तांदूळ निवडत होती. माझी अम्मी हसीना, अंगानं दणकट आणि तोंडानं त्याहून. तेवढ्यात दाराबाहेर खोकला झाला. मकबूल बडे अब्बा, माझ्या वडिलांचे थोरले भाऊ, नमाजहून परतताना नेहमी डोकावतात आणि डोकावण्याआधी नेहमी खोकतात. त्यांचा खोकला थंडीचा नसतो. मी आलोय, सावरून बसा, एवढाच त्याचा अर्थ असतो.

अम्मीनं सावरलं. दार तिच्या डाव्या हाताला होतं. तिनं पाय झटकन ओढून घेतले, गुडघे एकमेकांवर दाबले, पावलं उजवीकडे बाजूला सारली, पुढं वाकून ओढणी डोक्यावर घेतली आणि अख्खं अंग उजव्या भिंतीकडे फिरवलं. तांदळाचा एक दाणा सांडला नाही.

मी लहानपणापासून हे रोज बघत आलेय. त्या दिवशी पहिल्यांदा दिसलं. उजवा गुडघा पोटाकडे वर आलेला, मांडी आत ओढलेली, पाऊल बाहेर गेलेलं. मागून उघडलेल्या खुब्यातून गोळा बाहेर काढायचा असेल, तर नेमक्या याच तीन गोष्टी एकदम कराव्या लागतात. पुस्तकात त्याचं चित्र असतं. इथं ते चित्र आमच्या दिवाणावर बसलं होतं.

बडे अब्बा गेल्यावर मी विचारलं, "अम्मी, अभी क्या करी तू?"

"क्या करी?" अम्मी तांदळातून मान वर न करता म्हणाली. "कुच नै करी."

मला हसावं की रडावं कळेना. काखेत कळसा आणि गावाला वळसा. महिनोन्‌महिने मी त्या म्हातारीला खोटं ठरवत होते, आणि ती अक्षर न्‌ अक्षर खरं बोलत होती. जे आयुष्यभर रोज केलं, ते तिच्या दृष्टीनं 'करणं' नव्हतंच.

मी गौरम्माला फोन लावला. "मावशींचा खुबा निखळला तेव्हा तू कुठं होतीस?"

"चहा करायले व्हते की. चहा घिऊन येऊस्तवर वरडल्या."

"दोन्ही वेळेला?"

"दोन्ही येळंला. आबा दारात येऊन उभारलेले, त्यांचाच चहा व्हता."

"आबा येताना खोकतात का?"

गौरम्माला माझी कीव आली असावी. "आता बाईमाणूस घरात असल्यावर खोकल्याबिगर कशे येतील?"

दुसऱ्या दिवशी सुदर्शनच्या फ्लॅटवर जाताना मनात आलं, दाराबाहेर उभं राहून म्हाताऱ्यासारखं खोकून बघावं. आणि मग माझा मलाच घाम फुटला. तेवढ्यानं खुबा निघाला असता आणि शोध लागला असता, पण पेशंट गेली असती. मी त्यांच्यासमोर जमिनीवर बसले, उजव्या गुडघ्याशेजारी हात तयार ठेवला आणि म्हणाले, "मावशी, समजा आत्ता तुमचे भाया आले."

नुसत्या शब्दावर त्यांचा हात पदराकडे गेला आणि गुडघा आत वळू लागला. मी तो दोन्ही हातांनी धरला.

"हे बघा," मी म्हणाले. "हे तुम्ही करता."

केवळाबाईंनी माझ्या हातांकडे बघितलं, मग स्वतःच्या गुडघ्याकडे. "हे मी करते?" त्या पुटपुटल्या. दुसऱ्याच कोणाचा पाय असावा तसं त्यांनी तो हळूच चाचपून बघितला. मग म्हणाल्या, "खुंटा आडवा वढते मी."

संध्याकाळी सुदर्शनला सांगितलं. तो सुटकेनं हसला. "मग सोपं आहे. आबांना सांगतो, घरात येऊ नका म्हणून. डबा आणि चहा गौरम्मा नेऊन देईल. माय राहू शकते तिकडं."

"खबरदार," केवळाबाई म्हणाल्या. इतका चढा आवाज मी त्यांचा ऐकला नव्हता. "तुझा बाप गेला तवा ह्या घराचा कारभार त्या माणसानं वढला. त्यांच्याच घरात त्यानला उंबऱ्यावर आडवू? माणसं काय म्हणतील त्ये सोड, मलाच तोंड वर करता यील का? त्यापरीस मी हितंच ऱ्हाते. घाल कुलूप."

आणि त्या रडायला लागल्या. घर हवं तर आबांना दार बंद करायचं, आबांचा मान राखायचा तर घर सोडायचं. दोन्हीकडून त्यांनाच टोचत होतं. मला सुदर्शनचा राग आला, रिवाजाचा आला, आणि त्या सोप्या उपायाचा तर फारच आला. मी म्हणाले, मला रेणापूरला घेऊन चला.

रविवारी निघालो. गाडीत केवळाबाई पुढं, सीट मागं सरकवून, गुडघ्यांमध्ये उशी. अहमदपूर मागं पडलं तशी त्यांची कळी खुलत गेली. कोणाची हळद कशी आली, कोणी बोअर कुठं घेतला, सगळं खिडकीतून वाचत होत्या. घरी पोचल्यावर मी त्यांना बैठकीत खुर्चीवर बसवलं आणि उशी पुन्हा गुडघ्यांमध्ये दिली.

"ही काढायची नाही. आबा आले तरी."

"असं फाकून बसू? भायाम्होरं?" त्यांनी उशी काढून माझ्या हातात दिली. "मेले तरी न्हाई."

मी खुर्ची फिरवून बघितली. दार डावीकडे होतं; ते उजवीकडे आलं तर त्या डावीकडे वळतील, उजव्या खुब्याला तेवढं बरं. पण पाय ओढून घेणारच, वाकणारच. उशी फेकणार. खुर्ची कुठंही ठेवा, खोकला तोच. म्हणजे आबांशी बोलणं भाग होतं. मी सुदर्शनकडे बघितलं. सुदर्शन फोन आल्यासारखं करून अंगणात गेला. मोठ्या माणसाला जाऊन 'तुमच्यामुळे आईचे पाय' वगैरे सांगायची त्याची हिंमत होईना. मी गेले.

आबा ओट्यावर बसले होते. धोतर, डोक्याला रुमाल, हातात काठी. मी ओळख सांगितली. पळी आणि लिंबू सोबत आणलंच होतं. गोळा, वाटी, तिरका जोर, सगळं दाखवलं. आबांनी पळी माझ्या हातून घेतली आणि स्वतः तिरकी करून बघितली. लिंबू पडलं. त्यांनी उचलून पुन्हा ठेवलं, पुन्हा पाडलं. ते लक्ष देऊन समजून घेत होते, आणि मला पुढचं सांगणं अवघड होत होतं.

"म्हंजी मी खोकलो का तिचा गोळा निघतो?" शेवटी त्यांनीच विचारलं.

"तुम्ही खोकता, त्या वळून बसतात. तसं वळलं की निघतो."

"मी तर तिनं सावरून बसावं म्हणून खोकतो."

"त्या सावरूनच बसतात, आबा. त्यानंच होतं."

आबांनी लिंबू मुठीत धरलं आणि म्हणाले, "दोन्ही बारीला मी दारातच व्हतो. ती वरडायली आन मी काठी धरून उभा. पुढं हून हात द्यायचा सोडून गौरम्माला हाका मारायलो. भाया म्हणून." त्यांनी लिंबू परत पळीत ठेवलं. "लाज वाटती पोरी, आता सांगताना."

"तुम्हाला काय करायचं ते तुम्ही ठरवा," मी म्हणाले. पळी तिथंच विसरून आले.

चहाची वेळ झाली. गौरम्मा आत स्टोव्हजवळ. सुदर्शन दाराशी. मी खुर्चीशेजारी जमिनीवर, केवळाबाईंच्या गुडघ्यापाशी. उशी मी मिनतवारीनं पुन्हा दिली होती आणि त्यांनी ती पदराखाली झाकली होती. आबांची चाहूल लागली की काढायची, हे त्यांच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होतं.

अंगणात काठी वाजली. केवळाबाईंचा हात उशीवर गेला. काठी उंबऱ्यापाशी थांबली. आता खोकला येणार, म्हणून मी गुडघा धरला. खोकला आला नाही. आबांनी तो गिळला, मला त्यांच्या गळ्याचा घाटा हललेला दिसला.

"केवळाबाई," आबा म्हणाले. "मी आलोय. हलू नको. हायेस तशीच बस."

सुदर्शननं तोंड उघडलं ते तसंच राहिलं. आतला स्टोव्ह बंद झाला. केवळाबाईंचा पदर डोक्यावर गेला, खांदा भिंतीकडे वळू लागला, माझ्या हाताखाली मांडीचा स्नायू ताठ झाला. आणि मग तो हळूहळू सैल पडला. खांदा परत आला. उशी जागेवरच राहिली.

आबा आत येऊन समोरच्या खुर्चीवर बसले. गौरम्मानं चहा आणला आणि कप आबांच्या हातात दिला. आबांनी बशीत ओतून एक घोट घेतला. मग दुसरा. मग बशी खाली ठेवली.

"चहा लई गोड हाय," ते म्हणाले. "आजचाच न्हाई. पयल्यापसून."

केवळाबाईंनी मान वर केली. आबांकडे नाही, त्यांच्या बाजूच्या भिंतीकडे बघत, पण चांगल्या ठसक्यात म्हणाल्या, "मंग सांगायचं न्हाई का?"

"कुणाला?" आबांनी विचारलं.

आबांनी बशी पुन्हा उचलली आणि उरलेला चहा नेहमीसारखा संपवला. केवळाबाईंनी पदराखालची उशी नीट सारखी केली, दोन्ही पावलं जमिनीवर टेकवली आणि मागं वळून न बघता आवाज दिला.

"गौरम्मा, उद्यापसून भायाच्या चहात एकच चमचा."